कागदाच्या फुलपाखराला झाड हवे

शाळेच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचे टेबल मांडले की त्यावर फुलपाखरे असतातच. घोटीव कागदाची, फोमशीटची, आइस्क्रीमच्या काड्यांची, चमकी लावलेली, टिकल्या चिकटवलेली अशी ती फुलपाखरे रंगाने कितीही वेगवेगळी असली तरी त्यांची ठेवण एकच असते. चारही पंख सपाट पसरलेले, पुढच्या पंखांची खालची कड शरीराशी काटकोनात आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. जिवंत फुलपाखरू ऊन खाताना पंख पसरते हे खरे, परंतु तेव्हाही त्याचे पुढचे पंख बहुधा मागे झुकलेले असतात आणि विसाव्याला बसले की बहुतेक जाती पंख पाठीवर मिटून घेतात. मग मुलांच्या हातून उतरणारी ही आकृती आली कुठून? ती संग्राहकाच्या काचपेटीतून आली आहे. मेलेल्या फुलपाखराला टाचणी टोचून, त्याचे पंख कागदाच्या पट्ट्यांखाली ताणून वाळवण्याची एक जुनी पद्धत आहे, आणि पंखांवरची नक्षी अभ्यासकाला पूर्ण दिसावी म्हणून पत्करलेली ती ठेवण तक्त्यांतून, पुस्तकांतून आणि साच्यांतून आपल्या वर्गांपर्यंत पोहोचली आहे. आपण मुलांना फुलपाखरू करायला सांगतो आणि नकळत मेलेल्या फुलपाखराची नक्कल करून घेतो.

मुलांसाठी निसर्ग-हस्तकलेचे नमुने बेतण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. सुरुवातीला मीही असेच साचे वाटले होते, म्हणून हे लिहिताना कोणा शिक्षकाकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही. परंतु आज माझे मत पक्के झाले आहे. शाळांना मुलांमध्ये फुलपाखरांची आवड रुजवायची असेल, तर फुलपाखराची हस्तकला झाडापासून आणि अळीपासून सुरू झाली पाहिजे, ती एका नेमक्या जातीची असली पाहिजे, आणि तिच्यासाठी शाळेच्या आवारात निदान एक तरी असे झाड असले पाहिजे ज्याची पाने अळ्यांनी खाल्लेली आपण चालवून घेऊ. हा प्रश्न केवळ कलाशिक्षकाचा नाही. शाळेचे आवार कसे राखायचे, स्पर्धांचे निकष काय ठेवायचे, सार्वजनिक उद्यानांत काय लावायचे, या सगळ्यांशी तो जोडलेला आहे, आणि म्हणून त्याची चर्चा हस्तकलेच्या तासाबाहेरही व्हायला हवी.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. या फुलपाखराला मराठीत ‘राणी पाकोळी’ म्हणतात, ‘नीलवंत’ हेही नाव आता रूढ होते आहे. शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण या यादीत हे नाव जोडले गेले आणि सामान्यज्ञानाच्या वह्यांत आणखी एक प्रश्न वाढला. मुले उत्तर बिनचूक देतात. पण त्याच मुलांना राणी पाकोळी कुठल्या झाडावर अंडी घालते असे विचारले तर वर्ग गप्प होतो, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा शिक्षकही गप्प होतात. उत्तर अवघड नाही. रानातल्या माकडलिंबासारख्या झाडांवर, आणि कोकणातल्या परसात उभ्या असलेल्या पपनशीवर किंवा लिंबावर. हे फुलपाखरू पश्चिम घाटात, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळते, मुंबई-पुण्याच्या बागांतूनही ते उडताना दिसते. काळेभोर पुढचे पंख, त्यांवर फिकट निळ्या पट्ट्या, मागच्या पंखांचा मोठा भाग निळसर आणि त्यावर काळे ठिपके, असे इतके ठसठशीत रूप असूनही शाळेच्या भिंतीवर ते मला क्वचितच दिसले आहे. भिंतीवरची फुलपाखरे कोणत्याच जातीची नसतात. ज्याला जात नाही त्याला झाड नाही, आणि ज्याला झाड नाही त्याची काळजी कोणी कशी घ्यायची?

आपल्या भाषेने या जिवाला फुलाचे पाखरू म्हटले. नाव गोड आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. फूल हे प्रौढ फुलपाखराचे खाणे. त्याच्या आयुष्याचा वाढीचा काळ पानांवर जातो, आणि तेही कुठल्याही पानांवर नाही. लिंबावरची अळी रुईवर ठेवली तर उपाशी मरेल आणि रुईवरची लिंबावर. कण्हेरीवर एक, पानफुटीवर दुसरे, टाकळ्यावर आणि बहाव्यावर तिसरे, सीताफळावर आणि खोट्या अशोकावर चौथे, अशी ही वाटणी फार काटेकोर आहे. नगरपालिकांच्या ‘फुलपाखरू उद्यानां’त ही अर्धी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रंगीत फुलांचे ताटवे असतात, प्रवेशद्वारावर सिमेंटचे भलेमोठे फुलपाखरू असते, पण अळीला खायला पान नसते, आणि असले तर फवारलेले असते. अशी बाग ही वाटसरूंची खाणावळ झाली. बाळंतपणाला माहेर नाही म्हणून तिथे फुलपाखरे येतात आणि निघून जातात.

फुलपाखरू आणि त्याचे झाड एकाच चित्रात दाखवण्याची कल्पना आजची नाही, आणि ती हस्तकलेशी जोडलेल्या घरातून आली हे मला फार महत्त्वाचे वाटते. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेली चित्रकार. तेराव्या वर्षी ती रेशमाच्या अळ्या पाळून त्यांच्या नोंदी ठेवू लागली. पुढे ती मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवत असे, आणि तिने छापलेली फुलांची पहिली चित्रे भरतकाम करणाऱ्यांना नमुने म्हणूनही उपयोगी पडत. म्हणजे ती आजच्या भाषेत हस्तकलेचे नमुने बेतणारीच होती. १६७९ मध्ये तिने अळ्यांवरचे पुस्तक काढले तेव्हा प्रत्येक चित्रात एक वनस्पती घेतली आणि तिच्यावर अळी, कोष आणि पंख फुटलेला कीटक एकत्र मांडले. अळ्या म्हणजे चिखलातून आपोआप उपजणारी घाण, असे मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ती मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ मध्ये तिथल्या कीटकांवरचे तिचे मोठे पुस्तक आले. सुईदोऱ्यासाठी नमुने काढणाऱ्या हाताने झाड आणि कीटक यांना एका पानावर आणले. आपण मात्र तीनशेहून अधिक वर्षांनंतर मुलांच्या कागदावरून झाड पुसून टाकले आहे.

आपल्याकडेही याहून वेगळी वाट दाखवणारी माणसे होऊन गेली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानावा असा विचार मांडला. त्यात वस्तू सुबक दिसण्यापेक्षा ती करताना कापूस, माती, हिशेब आणि श्रम समजणे महत्त्वाचे होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, या विचारातून त्यांची कुरणशाळा आली. त्या मुलांना झाडाची ओळख करून देण्याची गरजच नव्हती, उलट मुलांना ठाऊक असलेल्या झाडांवर शिक्षण उभारलेले होते. आज शहरातल्याच नव्हे तर तालुक्याच्या गावातल्या शाळेतही हस्तकलेचे साहित्य स्टेशनरीच्या दुकानातून पाकिटात येते, आणि कोसबाडचा वारसा सांगणाऱ्या राज्यात मुलाला आवारातले वाळके पान उचलायला बंदी असते, कारण हात मळतात.

नेमक्या जातीची हस्तकला म्हणजे काय, ते एका नमुन्यावरून सांगते. आपल्याकडे सर्वत्र दिसणारे एक फुलपाखरू आहे, ज्याला लोक ‘हळदी-कुंकू’ म्हणतात. त्याच्या पंखांची वरची बाजू पांढरी आणि काळ्या शिरांची, तशी साधीच असते. खालची बाजू मात्र पाहत राहावी अशी. मागच्या पंखावर हळदीसारखा गर्द पिवळा रंग आणि कडेने कुंकवाच्या बोटांसारखे लाल ठिपके. हे फुलपाखरू फुलावर पंख मिटून बसते तेव्हा नेमकी हीच बाजू जगाला दिसते, आणि आपण खायला वाईट आहोत हे ते पक्ष्यांना त्या रंगांनी सांगते. आता हे फुलपाखरू पसरलेल्या पंखांच्या साच्यात बसवले तर त्याचे हळद-कुंकू कागदाच्या मागे, म्हणजे भिंतीकडे जाईल. ते दाखवायचे तर पंख मिटलेले फुलपाखरूच करायला हवे. कागदाला मधोमध घडी घालायची, घडीच्या बाहेरच्या अंगाला खालची बाजू रंगवायची आणि आत पांढरी ठेवायची, म्हणजे मिटलेले कार्ड उघडल्यासारखे ते उघडते आणि मिटते.

रंग दुकानातून आणण्याची गरज नाही. पाण्यात कालवलेली हळद मागच्या पंखाला लावायची. त्याच हळदीत चिमूटभर खायचा चुना घातला की ती क्षणात लाल होते, हळदीपासून कुंकू करण्याची परंपरागत रीत याच गुणावर चालते. चुना मोठ्या माणसानेच हाताळावा, मुलांच्या बोटांना लागू देऊ नये, एवढे पथ्य पाळले की पुढचे काम मुले करतात. शिरा काढायला जळक्या काडीचा कोळसा पुरतो, मिशांना खराट्यातले हीर, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. वाटीतली पिवळी हळद लाल होताना पाहून वर्गातला गोंगाट थांबलेला मी कितीदा तरी अनुभवला आहे. दुसऱ्या दिवशी तो लाल थोडा विटकरी पडतो, आणि मुले तक्रार करतात तेव्हा त्यांना खऱ्या रंगांविषयी आणखी काही सांगता येते.

पण काम इथे संपत नाही, कारण आता झाड हवे. हळदी-कुंकवाच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, म्हणजे आंब्यासारख्या मोठ्या झाडाच्या फांदीवर मूळ रोवून जगणाऱ्या, बागायतदाराला नकोशा वाटणाऱ्या त्या वनस्पतीवर. म्हणून भिंतीवर आधी आंब्याची फांदी लागते, तिच्यावर जाड पानांचा बांडगुळाचा झुबका, मग त्यावर फुलपाखरू. या फुलपाखराची मादी अंडी एकेकटी न घालता पुंजक्याने घालते आणि अळ्या घोळक्याने राहतात. म्हणून हा नमुना मी नेहमी गटाने करायला देते. प्रत्येक मूल एक अळी करते आणि सगळ्या अळ्या एकाच पानावर लागतात. लिंबावरचे फुलपाखरू मात्र अंडे बहुधा एकेकटे घालते, त्याची हस्तकला प्रत्येकाची स्वतंत्र. कुठला नमुना एकट्याने आणि कुठला सर्वांनी मिळून करायचा, हे ठरवण्याचे काम मी त्या जातीवर सोपवले आहे, आणि तेव्हापासून मला नमुने शोधत बसावे लागलेले नाही.

अशा कामात मुलांची कल्पनाशक्ती मारली जाते, असा एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. मुलाने जांभळे फुलपाखरू का करू नये, त्याला सहाऐवजी आठ पाय का देऊ नयेत? जरूर द्यावेत. परंतु साचा वाटून, पाठीमागे चमकी लावून घेणाऱ्या तासात कल्पनेला वाव होता, असे म्हणणे मला पटत नाही. उलट जवळून पाहिल्यावर मुलांना जे सुचते ते कोणाही मोठ्या माणसाला सुचणार नाही. रुईवर वाढणारे नारिंगी फुलपाखरू पाहताना एका मुलीने त्याचे पाय मोजले आणि ते चारच भरले. कीटकाला सहा पाय असतात हे तिने पुस्तकात वाचले होते, त्यामुळे पुस्तक चुकले की फुलपाखरू, यावर वर्गात वाद झाला. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय अगदी छोटे, छातीशी आखडलेले असतात आणि ते चालायला वापरत नाहीत, हे आम्ही भिंगातून पाहिले. मग तिने आपल्या फुलपाखराला ते दोन पाय नमस्कारासारखे जोडून लावले. ही कल्पना नाही तर काय आहे?

कण्हेरीवरचा कोषही असाच. तपकिरी-काळ्या, सर्वत्र दिसणाऱ्या एका फुलपाखराचा कोष कण्हेरीच्या पानाखाली लटकलेला असतो आणि तो चांदीच्या थेंबासारखा इतका लखलखीत असतो की त्यात आजूबाजूची पाने उलटी दिसतात. तो कशाने करायचा यावर मुलांनी बराच विचार केला, आणि चहाच्या पुड्याच्या आतला चंदेरी कागद एका मुलाने घरून आणला. बाजारातली चमकी त्या दिवशी कोणालाही आठवली नाही. चमकीबद्दल एवढेच म्हणते की ती प्लास्टिकच असते आणि झाडलोट करताना ती शेवटी नाल्यात जाते. ज्या राज्याने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, त्या राज्यातल्या शाळांनी निसर्गावरच्या हस्तकलेत तरी या वस्तू स्वीकारू नयेत. मेलेल्या फुलपाखरांचे खरे पंख चिकटवून भेटकार्डे करण्याचीही एक हौस आढळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत फुलपाखरांच्या अनेक जाती आहेत, आणि कुठला पंख कोणत्या जातीचा हे बहुतेकांना ओळखता येत नाही. तेव्हा ही हौस शाळेच्या दारातच थांबवावी.

आता झाडाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. एका शाळेत पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही आवारातले लिंबाचे झाड निवडले होते. कोवळ्या पानांवर मोहरीहून लहान, फिकट पिवळी अंडी होती. आठवडाभरात अळ्या दिसू लागल्या. या अळ्या लहान असताना काळपट तपकिरी आणि मध्ये पांढऱ्या असतात, पानावर पक्ष्याची विष्ठा पडावी तशा दिसतात आणि त्यामुळे वाचतात. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. तिसरीतल्या एका मुलाने गवताच्या काडीने एका अळीला हळूच स्पर्श केला तेव्हा तिच्या डोक्यामागून नारिंगी, दुहेरी शिंगासारखा अवयव झटकन बाहेर आला आणि लिंबाच्या पाल्याचा उग्र वास सुटला. तो मुलगा मागे सरला, मग पुन्हा पुढे आला, आणि “ती मला घाबरली,” असे अगदी हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या वहीत त्या दिवशी अळीचे जे चित्र आले, त्यात शिंग अळीपेक्षा मोठे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा झाडाला औषधाचा वास येत होता. कोणीतरी पालकाने आवारात अळ्या झाल्याची तक्रार केली होती, अळ्यांनी अंगाला खाज येते अशी भीती होती, म्हणून फवारणी झाली. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांनी अंगावर गांधी उठतात हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि लिंबावरची अळी गुळगुळीत असते व तिने खाज येत नाही, हा फरक कोणी कधी सांगितलेला नसतो. मुले त्या झाडाखाली उभी राहून पाने उलटून पाहत होती. पानांवर काहीच नव्हते, आणि मला त्यांना काय सांगावे ते सुचले नाही. त्या तासाला आम्ही काहीच केले नाही. या प्रसंगाने मला शिकवले की हस्तकलेचा नमुना कितीही विचारपूर्वक बेतला तरी आवाराची काळजी कोणाच्या हाती आहे हे आधी पाहायला हवे. म्हणून आता मी काम सुरू करण्यापूर्वी शाळेच्या माळीकाकांशी आणि शिपाईमावशींशी बोलते, त्यांना अंडी दाखवते, आणि झाडाला सुतळीने एक पुठ्ठा बांधते. मुले त्यावर झाडाची पाने कोण खात आहे ते लिहितात.

लिंबावरची अळी ही बागायतदाराची शत्रू आहे हे मला ठाऊक आहे. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत ती कोवळ्या रोपांची पाने फस्त करते, आणि डाळिंबाच्या फळात शिरणारी अळीही एका फुलपाखराचीच असते. ज्या मुलाच्या घरी संत्र्याची कलमे आहेत त्याला आपण फुलपाखराविषयी भाबड्या गोष्टी सांगू नयेत. त्याच्या वडिलांचे नुकसान हेही त्याच निसर्गाचे सत्य आहे, आणि वर्गात ते त्यानेच सांगावे. पण शाळेचे लिंबू ही बाग नाही. तिथल्या पन्नास पानांची किंमत कोणाच्या उत्पन्नातून जात नाही.

वेळेची आणि संख्येची अडचण याहून मोठी आहे, आणि शिक्षक ती मांडतात तेव्हा त्यांचे खरे असते. एका वर्गात पन्नास-साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास, आवाराला फरशी. अशा वेळी साचा वाटणे हाच सुटकेचा मार्ग वाटतो. परंतु कढीपत्त्याची कुंडी खिडकीत मावते, आणि लिंबावरची दोन-तीन जातींची फुलपाखरे कढीपत्त्यावरही अंडी घालतात. पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो. एका महिन्यातले हस्तकलेचे चार तास एका कुंडीला दिले, आणि दर तासाला तेवढीच अवस्था केली, तर वेगळा वेळ लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून आणि परिसरातून शिकण्यासाठी. त्यातला एक दिवस तरी पावसाळ्यात घ्यावा आणि तो आवारातल्या एका झाडाला द्यावा.

मुलांनी अळ्या बरणीत पाळाव्यात, असे मात्र मी म्हणणार नाही. बरणीत ओल धरते, पाने सुकतात, शनिवार-रविवारी कोणी पाहत नाही. विशेषतः पैसे देऊन आणलेली फुलपाखरे समारंभात उडवण्याची जी प्रथा अधूनमधून दिसते, तिच्याजवळ शाळांनी फिरकूही नये. झाडावरच पाहावे. तिथे पाहिले म्हणजे सगळ्या अळ्यांचे फुलपाखरू होत नाही हेही दिसते. दयाळ आणि शिंपी त्या उचलून पिलांना भरवतात, गांधीलमाशीच्या जातीतले बारीक कीटक अळीच्या अंगात अंडी घालतात आणि एखाद्या कोषातून फुलपाखराऐवजी तेच बाहेर पडतात. मुले दुःखी होतात. त्यांच्या भिंतीवरच्या कागदी फांदीवरही मग छिद्र पडलेला एक कोष लागतो. काही मोठ्या माणसांना तो काढून टाकावा असे वाटते, मी तो राहू देते.

स्पर्धांचा विषय थोडक्यात. आंतरशालेय हस्तकला स्पर्धांत आज सुबकपणाला आणि भपक्याला गुण मिळतात, आणि त्यामुळे अर्धे काम आई-वडील रात्री जागून करतात. निकषांत तीनच गोष्टी घालाव्यात, असे मी आयोजकांना सुचवेन. जातीचे नाव मराठीत सांगता यावे, तिचे झाड कलाकृतीत असावे, आणि प्रत्येक वस्तू मातीत मिसळणारी किंवा आधी वापरून झालेली असावी. एवढ्यानेही विकतच्या पाकिटांचा जोर बराच ओसरेल. उद्यान विभागांनीही फुलांच्या ताटव्याइतकेच अळीच्या झाडांना स्थान द्यावे आणि तिथे फवारणी होणार नाही अशी पाटी लावावी. रुई, टाकळा, पानफुटी, सापसण यांना उकिरड्यावरची झुडपे म्हणून उपटले जाते. त्यातल्या सापसणीवरच आपल्याकडच्या काही सर्वांत देखण्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

फुलपाखरे पाहण्याचा आपल्याकडचा उत्तम काळ श्रावण-भाद्रपदापासून सुरू होतो. २०२० पासून देशभरातले हौशी निरीक्षक सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदींसाठी राखून ठेवतात, आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास गणपती येतात. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींची यादी घ्या. बेल, रुई, कण्हेर, बोर, डाळिंब, पिंपळ, हादगा. यांतल्या प्रत्येकाची पाने, कळ्या किंवा फळे कोणत्या ना कोणत्या फुलपाखराची अळी खाते. कुठलीही शाळा ही यादी वेगळी न छापता वापरू शकते, कारण ती घरोघरी आहे. आज बाजारात पत्रीची जुडी म्हणून मिळेल तो पाला बांधून देतात आणि त्यातले कुठले पान कशाचे हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही सांगता येत नाही, याचे मला वाईट वाटते. निसर्ग-हस्तकलेचा एक तास हरतालिकेच्या आदल्या आठवड्यात या एकवीस पानांचे ठसे उमटवण्यासाठी दिला, तर मुलांना ती पाने हाताला ओळखू येतील.

माझी आजी भल्या पहाटे पत्री खुडायला मला बरोबर नेत असे. देवाला वाहायचे पान अखंड हवे, तुटलेले किंवा किडीने खाल्लेले चालत नाही, हा तिचा नियम. बेलाच्या झाडाखाली ती एकेक त्रिदळ उजेडात धरून पाही. कडेला कुरतडलेले असले की हात काढून घेई आणि शेजारचे पान घेई. कधी चुकून अळी असलेली डहाळी परडीत आलीच, तर ती तेवढी डहाळी उचलून पुन्हा बेलाच्या दुबेळक्यात खोचून ठेवी, आणि मग हात धुऊन पुढची पाने खुडू लागे.